पाठीचा साचा

सोमवार, ८ जानेवारी

आज गुरुमहाराजांनी, म्हणजे आमच्या मेकअप क्लासच्या सरांनी, सगळ्या वर्गासमोर मला विचारलं, "मावशी, तुमची जखम लग्नाला निघालीय का? फारच नटलीय." झालं, सगळी पोरं खो खो हसली. इतका संताप आला की हातातला स्पंज त्यांच्या टाळक्यात मारावासा वाटला. मारला नाही, कारण फी भरलीय.

जास्त झोंबलं ते एवढ्याचसाठी की बोलणं खोटं नव्हतं. उभं आयुष्य पार्लरमध्ये नवऱ्या सजवल्यावर हात आपोआप डाग झाकायलाच धावतो. "ताई, हा मुरूम दिसायला नको. ताई, मान जरा उजळ करा. ताई, हा चट्टा सासरच्यांना कळता कामा नये." लोकांचे डाग झाकता झाकता म्हातारी व्हायची वेळ आली! म्हणून तर हट्टाने या क्लासला आले. इथे डाग झाकायचे नाहीत, करायचे. भाजलेलं, कापलेलं, शिवलेलं, सुजलेलं. पहिल्या दिवशी एका पोराच्या हातावर मी खोटी चीर काढली, तेव्हा इतकं मोकळं वाटलं की घरी येताना रस्त्यात एकटीच हसत होते.

मुख्य बातमी राहिलीच. मार्चअखेरच्या परीक्षेला एका चित्रपटाच्या युनिटवाल्या बाई येणार आहेत. जंगलात राहणाऱ्या जमातीची गोष्ट आहे, ढीगभर माणसं रंगवायचीत, आणि आमच्यातल्या एकाला त्या कामावर घेणार. परीक्षेचा विषयही तोच, अंगावरच्या खुणा. कातडी कापून उठवलेली नक्षी, ताणून लोंबवलेल्या कानाच्या पाळ्या, असलं सगळं. ती जागा मला हवीय. या वयात एवढी हाव बरी नव्हे म्हणतात. म्हणोत.

ह्यांना सांगितलं, तर त्यांच्या चष्म्याच्या दुकानातून आणलेली काच पुसत म्हणाले, "म्हणजे आता लोकांना विद्रूप करायचा पगार मिळणार." मी म्हटलं, "तुम्ही जन्मभर लोकांच्या नाकावर ओझं ठेवलंत, मी कधी काही बोलले का?"

शनिवार, १३ जानेवारी

चिंगी आली. एकुलती एक लेक, पण नोकरी दुसऱ्या शहरात, त्यामुळे दर्शन दुर्लभ. परीक्षेत जिच्या अंगावर मी काम करणार ती हीच. म्हणून तिच्या पाठीचा साचा काढायला बोलावलं होतं.

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरली, तिला स्टुलावर उलटी बसवली आणि पाठीला गार लगदा फासला. अशी किंचाळली की शेजारीण डोकावून गेली. त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या. वाळेपर्यंत हलायचं नाही म्हटलं, तर हे मुद्दाम समोर बसून मामंजींच्या घोरण्याची नक्कल करायला लागले. मी ओरडतेय, ती हसू दाबतेय, साच्याला तडा जातो की काय म्हणून माझा जीव वर-खाली. पण मजा आली, नाही म्हणत नाही.

चिंगी शाळेत असताना तिचा कणा वाकडा निघाला. ऑपरेशन झालं. मानेखालून कमरेपर्यंत व्रण राहिलाय, सुतळीएवढा जाड. तेव्हापासून लग्नकार्य असो की संमेलन, मागून खोल गळ्याचा कपडा घालायचा असला की मी तिला पाठमोरी उभी करायची आणि बघता बघता व्रण गायब! कुणाला म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. सख्ख्या नणंदेलासुद्धा नाही. आजवरच्या सगळ्या नवऱ्या एकीकडे आणि ते काम एकीकडे.

रविवार, १४ जानेवारी

साचा फर्स्टक्लास निघाला. त्यात प्लास्टर ओतून पाठीची प्रत काढली. बारीकसारीक सगळं उतरलं, व्रणसुद्धा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे टाक्यांचे ठिपकेसुद्धा. आता या पाठीवर मातीने नक्षी घडवायची, तिचा साचा करून त्यात सिलिकॉन ओतायचं, आणि तो मऊ तुकडा परीक्षेत चिंगीच्या पाठीला चिकटवायचा. म्हणजे पाया सपाट हवा. सकाळी सगळे उठायच्या आत मी व्रण तासला, घासपेपरने घासला, राहिलेली खाच भरून टाकली.

चिंगी चहा घेऊन आली. मी हौसेने प्लास्टरची पाठ फिरवून दाखवली. "बघ! पाठ असावी तर अशी."

ती बघतच राहिली. मधून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही कोणाची?"

"अगं, तुझीच की वेडाबाई!"

संध्याकाळच्या गाडीने जायची होती ती दुपारीच गेली, तेसुद्धा अर्धं जेवण ताटात टाकून. कामाचं काहीतरी आठवलं म्हणे. इतकी मान मोडून साचा काढला, पण कौतुकाचा एक शब्द नाही! हल्लीच्या मुलांसाठी करा करा आणि मरा.

गुरुवार, १ फेब्रुवारी

आज गुरुमहाराजांनी कहर केला. भिंतीवर एक मोठं चित्र लावलं. एका मुलीच्या पोटावर उठवलेली नक्षी, तिला दुसऱ्याच कुणाचे लोंबते कान, तिसऱ्याच्या ओठातली चकती, चौथ्याच्या गालावरच्या चिरा. सगळं कापून एकत्र चिकटवलेलं. मी विचारलं, "ही एकाच जमातीची माणसं का?"

"मावशी, प्रेक्षकाला काय फरक पडतो? भयंकर दिसलं की झालं."

"पण ही नक्षी कशासाठी करतात, कधी करतात, काही ठाऊक आहे का?"

"रानटी लोक आहेत हो. करतात काहीतरी."

माझं डोकंच सणकलं. ती पोटावर नक्षी असलेली मुलगी कशी उभी होती, ते या माणसाने एकदाही पाहिलं नसणार. नवरी खुर्चीतून उठायच्या आधी आरशात शेवटचं बघते ना, तशी ताठ. कुणीतरी तिच्यासाठी ओळन् ओळ मनापासून आखली असेल, दुखलं तेव्हा घरच्यांनी धरून ठेवलं असेल. आणि आम्ही तिला चेटकीण करून पडद्यावर नाचवणार! मी हे सगळं तिथल्या तिथे बोलून टाकलं. शेजारी बसतो तो पोरगा, डोक्यावर बारा महिने गॉगल चढवलेला असतो म्हणून मी त्याला गॉगलच म्हणते, तो हळूच म्हणाला, "मावशी, मार्क जातील."

जाऊ देत. मी कुणाची नक्षी उचलणार नाही. स्वतःची काढीन.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

नक्षी ठरली. पानं. मानेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी तिरकी चढत गेलेली लांबट पानं, वर लहान, खाली मोठी. मध्ये पट्टा मोकळा. कागदावर पुऱ्या मापाने काढून चिंगीला फोटो पाठवला. लगेच फोन आला. एवढ्या लवकर कधी करत नाही.

"सुंदर झालंय गं, आई. पण पानं नुसतीच? देठ कुठाय?"

"मधलं सपाट ठेवलंय. खालचं काही दिसायला नको."

मग विषयातून विषय निघाला. क्लासच्या वाटेवर एक नवं दुकान झालंय, तिथे पोरं खरोखरची कातडी कापून नक्षी करून घेतात. ते सांगताना माझा आवाज चढलाच. त्या जमातीतल्या मुलीचं एक वेगळं, तिच्या मागे तिची माणसं उभी असतात. पण या शहरातल्या दीडशहाण्यांना काय धाड भरलीय? आईबापांनी दिलेलं धडधाकट अंग!

"आणि धडधाकट नसलं तर?"

"तर झाकायचं. मेकअप कशाला असतो मग?"

फोन कट झाला. तिच्याकडे रेंजचं नेहमीचंच रडगाणं असतं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

सध्या सरावासाठी लांब पाळीचे कान करतेय. गार जागी राहावेत म्हणून एक कान डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला होता. ह्यांनी डबा चुकीचा नेला. दुकानात दुपारी गिऱ्हाइकासमोर डबा उघडला आणि आत कान! घरी येऊन असे काही तणतणले, जसं काही मी तो त्यांचाच कापला होता.

पण माझा खरा संताप आज क्लासमध्ये झाला. पाठीची प्रत तपासायला नेली होती. गुरुमहाराजांनी हात फिरवून विचारलं, "मॉडेलच्या पाठीवर काही आहे का?" मी म्हटलं, ऑपरेशनचा व्रण आहे, तासून टाकला. तर कपाळाला हात लावून म्हणतात कसे, "अहो, प्लास्टरवरचा तासलात, अंगावरचा कुठे जाणार? तुकडा बसणार कसा? मधे पोकळ राहील, कड उचलेल." तुकड्याची कड कातडीत विरून गेली पाहिजे, कुठे तुकडा संपतो ते कळता कामा नये. आमच्या कामात सगळी मारामारी त्या कडेसाठीच.

सांगताहेत ते बरोबर असेलही. पण सांगायची काही रीत? मी गम जास्त लावीन, रंगाने सावरून घेईन. आजवर सावरलंच ना?

आणखी एक. शनिवारी हे अचानक चिंगीकडे जाऊन आले. म्हणे काचांच्या ऑर्डरचं काम. ऑर्डरच्या कामाला मलमाची ट्यूब कशाला लागते? आल्यापासून गप्प आहेत आणि रात्री गच्चीत जाऊन तिच्याशी बोलतात. बाप-लेकीचं काहीतरी शिजतंय. शिजू दे. मला विचारतंय कोण!

शुक्रवार, १५ मार्च

तुकडा तयार झाला! स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण मेणासारखा उतरलाय. गॉगल क्लासमध्ये दोनदा बघून गेला. माझं कपाट त्याला काल उघडंच सापडलं होतं, म्हणून जरा लक्ष ठेवायला हवं.

चिंगीला फोन केला. येते म्हणाली. "पण आई, त्याआधी मला तुला काहीतरी सांगायचंय. समोर बसून."

"लग्नबिग्न ठरवलंस की काय?"

"नाही गं."

"मग परीक्षा झाल्यावर सांग. आत्ता माझ्या डोक्यात पानांशिवाय काही मावत नाही."

ह्यांनी जेवताना उगाच घसा खाकरला. मी लक्ष दिलं नाही.

गुरुवार, २८ मार्च

लिहिताना दोनदा कागद फाटला. रागाने. कुणावरच्या, ते मात्र धड सांगता येत नाही.

चिंगी स्टेशनवरून थेट क्लासमध्ये आली, ढगळ शर्ट घालून. "आई, दोन मिनिटं बाहेर ये ना."

"आता बाहेर? परीक्षा सुरू झालीय! काढ तो शर्ट आणि बस."

ती पडद्याआड गेली, मागून उघडा झगा घालून आली आणि माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसली. तिच्या पाठीवर माझी पानं! तीच तिरकी, तीच वर लहान खाली मोठी, गुलाबी, उठलेली. आणि माझा तुकडा तर समोर डब्यात.

पहिला विचार आला गॉगलचा. साचा चोरला मेल्याने! माझ्या साच्यातून तुकडा काढून माझ्याच पोरीच्या पाठीला चिकटवून ठेवला, मला तोंडघशी पाडायला! "चोरा!" म्हणून मी ओरडले. तो बिचारा स्वतःच्या मॉडेलचे कान चिकटवत होता, त्याच्या हातातला कान खाली पडला.

मी कापसाच्या बोळ्यावर गम काढायचं औषध घेतलं आणि खांद्यापाशी कड शोधायला लागले. कड सापडेना. मनात म्हटलं, काय कड मारलीय मेल्याने! जोर लावून घासलं. चिंगीने स्टूल गच्च धरलं. "आई, निघणार नाही ते."

"सगळं निघतं!" मी घासतच होते.

मग मधे नजर गेली. मधे व्रण होता. पानं त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटून वर गेली होती, आणि त्याच्या कडेला टाक्यांचे बारीक ठिपके. ते मी जानेवारीत घासून टाकले होते. माझ्या कुठल्याही साच्यात ते ठिपके नव्हतेच. माझ्या हातून बोळा पडला.

"काय करून बसलीस हे, कार्टे?"

"तुझीच नक्षी आहे," ती समोर बघतच म्हणाली. "देठ माझ्याकडे होता."

तेवढ्यात गुरुमहाराज युनिटवाल्या बाईंना घेऊन पोहोचले. वाकून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा! याला म्हणतात काम! कड दिसतच नाही." बोट लावलं. चिंगी म्हणाली, "सर, खरं आहे ते."

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "शी! खरं? काय ही विकृती! शिकल्यासवरल्या मुलींनी असं करायचं?"

युनिटवाल्या बाई मात्र शांत होत्या. त्यांनी डब्यातला माझा तुकडा उजेडात धरून पाहिला. "हा फार चांगला आहे. हाच माणूस मला हवाय. असं करा, पाठीवरचं ते झाकून टाका आणि वर हा चिकटवा. व्यवस्थित बसला, तर जागा तुमची समजा."

मी गमचा ब्रश उचललासुद्धा. खोटं कशाला लिहू. चिंगीने केस वर गोळा करून धरले, मान खाली घातली आणि म्हणाली, "लाव, आई. मला सवय आहे."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी तिला तिथल्या तिथे सुनावलं असतं. पार्लरमध्ये उभी राहायची ना, तशीच बसली होती, निमूट. बस, माझा भडकाच उडाला. गुरुमहाराजांकडे वळले आणि म्हटलं, "शी कुणाला म्हणता हो? दोन महिने झाले, भिंतीवर लोकांच्या लेकींची कातडी टांगलीत, तिला कला म्हणता. आम्हाला तेच रात्रंदिवस गिरवायला लावता. आणि माझ्या लेकीची पाठ ती विकृती? त्या पोरींना काय आया नसतात?"

"मावशी, आवाज खाली करा."

"मावशी म्हणायचं नाही! मी तुमच्या आईची बहीण नाही!"

गॉगल हसला आणि लगेच गप्प झाला. मी गमच्या बाटलीला झाकण लावलं. युनिटवाल्या बाईंना म्हटलं, "बाई, नव्या कातडीवर गम लावत नाहीत, हे यांनीच शिकवलंय. आणि तसाही हा तुकडा हिला बसणार नाही. मी पाठच चुकीची घडवली होती."

बाई म्हणाल्या, "विचार करा. पुन्हा विचारणार नाही मी." मी केला विचार. मग चिंगीचा शर्ट तिच्या अंगावर टाकला आणि निघालो.

घरी येईपर्यंत गाडीत मी तिला फाडून खाल्लं. एवढं दुखवून घ्यायची काय गरज होती, दुकान स्वच्छ तरी होतं का, चिघळलं असतं तर? ती म्हणाली, "बाबा होते ना सोबत." म्हणजे काचांची ऑर्डर ती ही! घरात पाऊल टाकलं तर हे दारातच ट्यूब घेऊन उभे. मग त्यांचाही उद्धार झाला. ह्या घरात मी सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं!

जागा गॉगलला मिळाली. त्याचा मेसेज आला, "सॉरी मावशी." कान बरे केले होते त्याने. मला रडू आलं. ती जागा माझी होती.

शुक्रवार, २९ मार्च

सकाळी उशिरापर्यंत कुणाशी बोलले नाही. भांडी मात्र बोलत होती.

ह्यांना दुकानात जायचं होतं, म्हणून मलम लावायचं माझ्यावर आलं. चिंगी पलंगावर पालथी. मी औषध घासलं होतं तिथे लाल झालंय. आधी तिथेच लावलं. मग एकेका पानावरून बोट फिरवत खाली आले. पानं बोटाला लागतात. इतकी वर्षं या पाठीवर मी लेप चढवले, पण तेव्हा सगळं लक्ष रंगाकडे असायचं, आतलं कधी हाताला लागलंच नव्हतं. देठ गरम होता.

"फार दुखलं का गं?"

"मधे नाही दुखलं. तिथे बधीरच आहे, ऑपरेशनपासून."

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं, ते जाऊ दे. पण सांगायला काय जातं?

जरा वेळाने मला ते दिसलं आणि डोकं पुन्हा फिरलं. "डावीकडचं तिसरं पान वर सरकलंय! माझ्या कागदावर असं नव्हतं. कुठल्या आंधळ्याने केलं हे?"

"मी हसले तेव्हा हात हलला त्याचा. बाबा आजोबांच्या घोरण्याची नक्कल करत होते."

"बापालाही अक्कल नाही आणि लेकीलाही! पुढच्या वेळी मला घेऊन जायचं. मी स्वतः अंगावर आखून देईन, मग बघते कसं सरकतं ते."

मग चिंगीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. उशीत तोंड खुपसून हसत होती. "पुढच्या वेळी? आई, तू पुढच्या वेळी म्हणालीस!"

"मी असं काही म्हटलेलं नाही!"

"म्हणालीस! बाबांना फोन करते."

आगाऊ कुठली. हात उगारला तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घालायला. तर धपाटा घालायला पाठीवर कुठे जागाच नव्हती. शेवटी दंडावर घातला.